पेन टॅब्लेट घ्यायचाय, स्वस्तातला की महागातला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुस्तकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रं काढते आणि डिजिटल चित्रकला शिकवते. विद्यार्थी, नुकतीच कामं घेऊ लागलेले इलस्ट्रेटर आणि मुलांसाठी खरेदीला निघालेले पालक फिरून फिरून जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझ्या सगळ्या उत्तरांमागे एकच कसोटी आहे: हात हळू आणि हलका चालत असताना रेघ कशी उमटते. डब्यावरच्या आकड्यांवरून ते कळत नाही.

स्वस्त म्हणजे किती आणि महाग म्हणजे किती?

बिनस्क्रीनचा साधा पेन टॅब्लेट म्हणजे संगणकाला जोडायची पाटी: पेन तिच्यावर चालतं आणि रेघ मॉनिटरवर दिसते. तो ढोबळमानाने तीन ते सात हजारांत येतो. वॅकॉमचा ‘वन बाय वॅकॉम’, हुइऑनचा एच640पी, एक्सपी-पेनचा डेको 01 ही या गटातली ओळखीची नावं. वॅकॉमचा ‘इंट्युओस प्रो’ घ्यायचा तर पंचवीस हजारांच्या आसपास किंवा वर जावं लागतं. स्क्रीनवाल्यांची सुरुवात साधारण वीस हजारांच्या आगेमागे होते आणि वर लाखांपर्यंत जाते. सेलच्या दिवसांत भाव बरेच हलतात, त्यामुळे हे आकडे अंदाजापुरते धरा.

जास्तीच्या पैशांत नेमकं काय मिळतं?

सगळ्यात आधी, हलक्या हाताची रेघ. पेन कागदाला जेमतेम टेकवून आपण केसांची बारीक रेघ काढतो किंवा गालावर सावलीचा पहिला थर देतो. तिथे टॅब्लेटला किती कमी दाब ‘कळतो’ हे महत्त्वाचं. चांगल्या पेनला एखाद्या ग्रॅमचा दाबही पुरतो. स्वस्तातल्या काही पेनांना बराच जास्त लागतो, म्हणजे सुरुवातीचा नाजूक भाग उमटतच नाही आणि रेघ एकदम जाड सुरू होते. मग नकळत हात दाबून चालवायची सवय लागते आणि संध्याकाळी अंगठा दुखतो.

दुसरं, तिरप्या रेघेचा थरथराट. टॅब्लेटवर पट्टी तिरकी ठेवा आणि तिच्या कडेने अगदी सावकाश रेघ ओढा. भरभर ओढलेली रेघ कुठल्याही टॅब्लेटवर सरळ येते, सावकाश ओढलेल्या रेघेत हलका नागमोडीपणा दिसतो का ते बघायचं. इंकिंग करणाऱ्याला, म्हणजे कच्च्या चित्रावर पक्क्या रेघा ओढणाऱ्याला, हा दोष फार छळतो. रंग भरणाऱ्याला वर्षभर पत्ताही लागत नाही. आताच्या स्वस्त टॅब्लेटमध्ये हा दोष पूर्वीपेक्षा बराच कमी झालाय, पण गेलेला नाही.

बाकीचं म्हणजे पृष्ठभागाचा पोत, बटणांची मजबुती, बिनवायरची जोडणी, पेनच्या कलाची म्हणजे टिल्टची नोंद आणि सुटे भाग मिळण्याची खात्री. यातला टिल्ट आता पाच-सहा हजारांच्या हुइऑन आणि एक्सपी-पेनमध्येही मिळतो. उलट वॅकॉमच्या साध्या ‘इंट्युओस’मध्ये तो नाही. म्हणजे ‘महाग ब्रँड म्हणून सगळं जास्त’ हा हिशेब इथे चालत नाही.

एकावर दाबाच्या 2048 लेव्हल लिहिलंय, एकावर 8192, एकावर 16384. जास्त तेवढं चांगलं ना?

नाही. हा आकडा बघून खरेदी करू नका, असं मी प्रत्येकाला सांगते.

तुमच्या चित्रात एका रंगाच्या उजेड-अंधाराच्या पायऱ्या किती असतात? नेहमीच्या 8 बिटच्या फाइलमध्ये 256. ब्रशची जाडी म्हणाल तर 30 पिक्सेलचा ब्रश शून्यापासून 30 पर्यंतच जाणार. दाबाच्या 2048 पायऱ्याच याला पुरून उरतात. पुढचे आकडे दर वेळी दुप्पट झालेत ते मोजणीत एकेक बिट वाढवून. हाताला त्यातलं काही कळत नाही.

हाताला कळतो तो दाबाचा चढ: हलक्यापासून जोरापर्यंत जाताना जाडी एकसारखी वाढते की मध्येच उडी मारते. ‘वन बाय वॅकॉम’वर 2048च लिहिलेलं असतं, टिल्ट नाही, शॉर्टकटची बटणं नाहीत, पण त्याची रेघ शांत असते. हा चढ ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅब्लेट चालवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि क्रितासारख्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या हाताप्रमाणे बदलताही येतो. नवा टॅब्लेट जोडल्यावर पहिलं काम तेच करा.

छोटा घेऊ की मध्यम?

मोठा मॉनिटर असेल तर मध्यम. पैसे मोजकेच असतील आणि ब्रँड व आकार यात निवड करायची असेल, तर मी आकार निवडेन.

कारण साधं गणित आहे. 24 इंची मॉनिटर साधारण 53 सेंटिमीटर रुंद असतो. छोट्या टॅब्लेटची चित्र काढायची जागा जेमतेम 15 सेंटिमीटर. म्हणजे हात एक सेंटिमीटर हलला की पडद्यावर कर्सर साडेतीन सेंटिमीटर पळतो. हाताचा बारीकसा कंपही तितक्याच पटीने मोठा होतो. दहा इंची टॅब्लेटवर हेच प्रमाण दुपटीच्या जरा वर राहतं. आपण ज्याला टॅब्लेटचा थरथराट म्हणतो, तो बरेचदा या पटीमुळे मोठा झालेला आपल्याच हाताचा कंप असतो.

दुसरी गोष्ट सांध्यांची. छोट्यावर सगळं काम मनगटातून होतं. मनगट एका जागी टेकलं की लांब रेघ आपोआप कमानीसारखी वळते. मध्यम आकारावर कोपर चालतं, आणि कागदावर मोठी चित्रं काढलेल्यांना तीच सवय असते.

छोटा कुणी घ्यावा? 14-15 इंची लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी, फोटो रिटच करणाऱ्यांनी आणि रोज लोकलने टॅब्लेट घेऊन जाणाऱ्यांनी. फार मोठा मात्र घेऊ नका. टेबलावर कीबोर्डला जागा उरत नाही आणि खांदा भरून येतो.

मी वर्तुळ काढतो, पडद्यावर ते लंबगोल येतं. टॅब्लेट खराब आहे का?

टॅब्लेट ठीक आहे. बहुतेक टॅब्लेटची जागा 16:10 प्रमाणात असते आणि मॉनिटर 16:9. पूर्ण जागा पूर्ण पडद्याला जोडली की आडवी मापं किंचित ताणली जातात. दोन मॉनिटर जोडलेले असतील तर फारच. ड्रायव्हरमध्ये ‘प्रमाण राखा’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो चालू करा, आणि टॅब्लेट एकाच मॉनिटरला जोडा. मग एक बांगडी टॅब्लेटवर ठेवून तिच्या आतल्या कडेने पेन फिरवा. पडद्यावरचं वर्तुळ गोल आलं की काम झालं. हे न करता महिनोन्महिने चेहरे काढत राहिलं की हाताला चुकीचं प्रमाण बसतं आणि कागदावर परतल्यावर चेहरे अरुंद येऊ लागतात.

स्क्रीनवालाच घेतला तर शिकायला सोपं जाईल ना?

पहिला आठवडा सोपा जाईल, हे खरं. पेन जिथे टेकतं तिथेच रेघ दिसते. पण वीस हजारांत येणारा 13 इंची डिस्प्ले घेताना तीन गोष्टी बघा.

काच आणि पडदा एकत्र चिकटवलेले, म्हणजे लॅमिनेटेड, आहेत का? नसतील तर पेनचं टोक आणि रेघ यांत फट दिसते. ती कडेला जास्त जाणवते.

मग रंग. एसआरजीबी म्हणजे पडद्यांच्या रंगांचं नेहमीचं प्रमाण. जाहिरातीत ‘120 टक्के एसआरजीबी’ वाचून लोक खूश होतात. पण रंगांचं नीट नियोजन न करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असा पडदा प्रत्येक रंग प्रमाणापेक्षा भडक दाखवतो. तुम्ही त्याला बघून रंग उतरवता, आणि तेच चित्र दुसऱ्याच्या मोबाईलवर मळकं दिसतं. छपाईसाठी काम करणाऱ्यांनी तर हे नक्की लक्षात ठेवा. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ छापखान्यात चार शाईंत उतरतं, आणि पडद्यावरचा झळझळीत निळा किंवा पोपटी त्या शाईंत मुळातच बसत नाही.

तिसरं म्हणजे मान आणि पाठ. स्क्रीनवर वाकून चार-चार तास काम केलं की मान बोलू लागते. चांगला स्टँड हवाच, त्याचे पैसे हिशेबात धरा. बिनस्क्रीनच्या टॅब्लेटवर नजर समोर असते आणि आपलाच हात चित्राच्या आड येत नाही. शिवाय तो लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतो, त्यामुळे वीज गेली तरी काम अडत नाही. स्क्रीनवाल्यांपैकी बऱ्याच मॉडेलांना वेगळा विजेचा प्लग लागतो.

त्यामुळे पहिल्या खरेदीला मी सहसा बिनस्क्रीनचाच सुचवते.

मग सरळ आयपॅडच का नको?

ज्यांच्याकडे संगणक नाही आणि ज्यांना बाहेर बसून चित्रं काढायची आहेत, त्यांच्यासाठी आयपॅड उत्तम आहे. प्रोक्रिएट हे चित्रकलेचं अ‍ॅप एकदाच विकत घ्यावं लागतं आणि त्याच्यावर हात पटकन बसतो. एका जागी मात्र नेहमी फसगत होते: अ‍ॅपल पेन्सिल एकच नाही. 2023 मध्ये आलेली यूएसबी-सीवाली स्वस्त पेन्सिल दाब ओळखत नाही. कितीही जोर द्या, त्यामुळे रेघेची जाडी बदलत नाही. नोट्स काढायला ती ठीक, चित्रकलेसाठी नाही. साध्या आयपॅडबरोबर चित्र काढायचं असेल तर पहिल्या पिढीची पेन्सिल लागते. दुकानदार ‘कुठलीही चालेल’ म्हणाला तरी ऐकू नका.

सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब एस6 लाइट हा कमी खर्चाचा पर्याय. एस पेन डब्यातच येतं, दाब ओळखतं, त्याला चार्जिंग लागत नाही. त्याच्या आत वॅकॉमचंच तंत्र आहे. मोठ्या फाइली आणि खूप लेयर झाले की तो दमतो, पण शिकायला पुरतो.

पेनला सेल लागतो का? एका कंपनीचं पेन दुसऱ्याच्या टॅब्लेटवर चालतं का?

आता बहुतेकांना लागत नाही. टॅब्लेटच्या पाटीखाली तारांची बारीक जाळी असते, ती चुंबकीय क्षेत्र तयार करते. पेनमधली गुंडाळी त्या क्षेत्रातूनच ऊर्जा घेते आणि जागा व दाब यांचा संकेत परत पाठवते. 1983 मध्ये जपानमध्ये सुरू झालेल्या वॅकॉमने हे तंत्र रुळवलं. इतरांच्या पेनमध्ये बरीच वर्षं सेल किंवा चार्जिंग असायचं. गेल्या दशकाच्या शेवटाकडे शेन्झेनच्या हुइऑनची आणि एक्सपी-पेनचीही बिनसेलची पेनं आली आणि स्वस्त-महागातलं सर्वांत मोठं अंतर तिथेच मिटलं.

पेनांची अदलाबदल मात्र होत नाही. कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही होत नाही. वॅकॉमचं सुटं ‘प्रो पेन’ हरवलं तर नवं घ्यायला जवळपास एका साध्या टॅब्लेटएवढे पैसे मोजावे लागतात. महाग टॅब्लेटचा हा खर्च कुणी सांगत नाही.

मुलगी आठवीत आहे, एलिमेंटरीला बसतेय. तिला टॅब्लेट घेऊन द्यावा का?

परीक्षेसाठी म्हणत असाल तर गरज नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा कागदावरच्या आहेत. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव पेन्सिल आणि जलरंगांनीच व्हायला हवा. टॅब्लेटवर ‘अनडू’ची सवय लागलेली मुलं कागदावर पहिली रेघ ओढायला घाबरतात, हे मी वर्गात पाहते.

तिला डिजिटलची खरीच ओढ असेल तर तीन-चार हजारांचा टॅब्लेट आणि क्रिता पुष्कळ झालं. क्रिता मोफत आहे आणि त्याच्या जोरावर व्यावसायिक कामंही होतात. उरलेल्या पैशांतून चांगला कागद आणि ब्रश घेऊन द्या.

देवनागरी सुलेखनासाठी महागडं पेन लागतं का?

बहुतेकांना नाही, आणि हे उत्तर ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. बोरूने लिहिताना आपण त्याचा कोन धरून ठेवतो, म्हणून अक्षराला जाड-बारीक वळण येतं. टॅब्लेटवर हाच कोन ब्रशला देता येतो. चपटं टोक निवडा, त्याचा कोन कायम ठेवा, दाबामुळे बदलणारी जाडी बंद करा. तीन हजारांच्या टॅब्लेटवरही ‘क’ची गाठ आणि ‘ळ’ची दोन पोटं व्यवस्थित येतात.

अक्षर लिहितानाच कलम बोटांत फिरवायची ज्यांची शैली आहे, त्यांची गोष्ट वेगळी. पेन स्वतःभोवती किती फिरलं हे फार थोडी पेनं ओळखतात: वॅकॉमचं आर्ट पेन आणि 2024 मधली अ‍ॅपल पेन्सिल प्रो. तिथे पैसे घालण्याला अर्थ आहे.

सुलेखनात खरी अडचण शिरोरेखेची. लांब शब्दावर एका दमात आडवी रेघ ओढताना छोट्या टॅब्लेटवर ती टोकाला खाली झुकते, कारण मनगट फिरतं. मध्यम आकार घ्या, कोपर उचलून ओढा, आणि ब्रशला थोडं स्टॅबिलायझर, म्हणजे रेघेतला कंप कमी करणारी सॉफ्टवेअरची सोय, लावा. स्टॅबिलायझर फार लावलं तर रेघ पेनच्या मागे रेंगाळते आणि वळणातला जीव जातो.

सगळं जोडलंय, पण दाबाने जाडी बदलत नाही.

नव्वद टक्के वेळा ड्रायव्हरचा प्रश्न असतो. जुन्या टॅब्लेटचा ड्रायव्हर अजून आत असेल तर तो आधी पूर्ण काढा, कारण दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकमेकांच्या पायात येतात. विंडोजमध्ये ‘विंडोज इंक’ ही पेनसाठीची सोय चालू-बंद करून पाहा. फोटोशॉपला ते सहसा चालू लागतं. पेन टेकवल्यावर गोल कडं दिसून रेघ उशिरा सुरू होत असेल, तर विंडोजच्या पेन सेटिंगमधलं ‘दाबून धरल्यावर राइट क्लिक’ बंद करा. मॅकवर ड्रायव्हरला प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये परवानग्या द्याव्या लागतात, त्या दिल्याशिवाय पेन नीट चालत नाही.

मोबाईलला जोडून चालेल का?

अनेक स्वस्त टॅब्लेट अँड्रॉइडला ओटीजीने, म्हणजे मोबाईलच्या चार्जिंगच्या जागेत बसणाऱ्या जोडणीने, जोडता येतात. पण मोबाईल उभा असताना टॅब्लेटच्या जागेचा एक तुकडाच वापरात येतो. घेण्याआधी कंपनीच्या पानावर तुमचा फोन चालतो का ते पाहा. संगणक येईपर्यंतची सोय म्हणून ठीक.

निब, म्हणजे पेनची बदलता येणारी टोकं, किती टिकतात? पृष्ठभाग झिजतो का?

दोन्ही झिजतात. निबचं टोक तिरकं घासलं जाऊन त्याला धार येते, आणि ती धार टॅब्लेटवर चरे पाडते. बोटाने चाचपून धार लागली की निब बदला, ती पूर्ण संपायची वाट पाहू नका. खरबरीत पोताच्या महाग टॅब्लेटवर निब जास्त लवकर जातात. कागदासारखी पकड हवी म्हणून मोजलेली ती किंमत आहे.

स्वस्त टॅब्लेट गुळगुळीत झाला तर त्यावर साधा कागद चिकटवून काम करा. पेनचा संकेत कागदातून व्यवस्थित जातो. त्याच कारणाने कागदावरचं रफ स्केच टॅब्लेटवर ठेवून वरून गिरवताही येतं. मुंबई-कोकणात घामाने हात चिकटतो, तिथे दोन बोटांचा हातमोजा वापरा.

मग महाग टॅब्लेट घ्यायची वेळ कधी येते?

रोज सहा-सात तास काम असेल, कामाचे पैसे मिळत असतील आणि रोजच्या कामात एक ठरावीक अडचण नाव घेऊन सांगता येत असेल, तेव्हा. ‘हलकी रेघ सुटते म्हणून मला प्रत्येक केस दोनदा काढावा लागतो’ ही अडचण झाली. ‘माझी चित्रं अजून चांगली येत नाहीत’ हिला टॅब्लेटचा उपाय नाही.

कॉमिक्सचं इंकिंग, अ‍ॅनिमेशनचं क्लीन-अप (कच्च्या रेघा स्वच्छ करणं) आणि बारीक रेघांचं पुस्तकी काम करणाऱ्यांना चांगला टॅब्लेट लवकर फळतो. सपाट रंगांची, ग्राफिक वळणाची चित्रं काढणाऱ्यांना स्वस्त टॅब्लेट वर्षानुवर्षं पुरतो. अशांनी पंचवीस हजार हातात असतील तर आधी बरा मॉनिटर आणि बरी खुर्ची घ्यावी. टॅब्लेटपेक्षा त्यांचा फरक चित्रात लवकर दिसतो.

सेकंडहँड घेतला तर?

इंट्युओस प्रो जुना घेणं हा अनेकदा नव्या साध्या टॅब्लेटइतकाच शहाणा सौदा असतो, पण प्रत्यक्ष पाहूनच घ्या. आपला लॅपटॉप बरोबर न्या. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण जागा रेघांनी भरून काढा, कुठे रेघ तुटते का पाहा. पट्टी लावून सावकाश तिरकी रेघ ओढा. वायर जोडलेली असताना यूएसबीची जागा किंचित हलवा. जोडणी सुटत असेल तर नको. पेनची दोन्ही बटणं दाबून बघा. आणि त्या मॉडेलचं पेन आणि निब आज सुट्या विकत मिळतात का, नव्या विंडोज किंवा मॅकसाठी कंपनी ड्रायव्हर देते का, हे निघण्याआधी घरीच शोधून ठेवा. यातलं एकही मिळत नसेल तर भाव कितीही कमी असला तरी तो टॅब्लेट सोडून द्या.